उष्णता सोसणारा वाण घडवताना: मत्स्यबीज केंद्रासाठी निवड-प्रजननाची सविस्तर कृती

पाणी तापलं की मासा दोन्ही बाजूंनी कोंडीत सापडतो. त्याचं शरीर पाण्याच्याच तापमानाला असतं. त्यामुळे पाणी दहा अंशांनी तापलं की त्याची प्राणवायूची गरज ढोबळमानाने दुप्पट होते, कधी त्याहूनही जास्त. नेमका त्याच वेळी पाण्यातला प्राणवायू आटतो. गोड्या पाण्यात २० अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना ७.५ मिलिग्रॅमच. शिवाय पाण्याचा सामू (आम्ल-अल्कतेचं माप, पीएच) ८ असेल तर एकूण अमोनियातला विषारी, मुक्त अमोनियाचा वाटा २० अंशांना ४ टक्क्यांच्या आत असतो, तो ३० अंशांना साडेसात टक्क्यांवर पोचतो. तापलेलं पाणी माशाला एकाच हत्याराने मारत नाही.

खोल पाणी, सावली, एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र), दुपारचं खाद्य बंद ठेवणं हे उपाय करावेच लागतात आणि पुढेही करावे लागतील. पण एकाच तळ्यात, एकाच दिवशी, एकाच वयाचे काही मासे मरतात आणि काही तगतात. या फरकातला काही भाग आई-बापांकडून आलेला असतो. तेवढ्या भागावर पिढ्यान्‌पिढ्या काम करून वाण सुधारता येतो. ते कसं करायचं, हे इथे क्रमाने मांडलं आहे. किमान काही डझन जोड्या पाळण्याची सोय, प्रत्येक कुटुंबाची ओळख ठेवण्याचं साधन आणि चार-पाच पिढ्यांचा धीर असलेल्या मत्स्यबीज केंद्रासाठी हा लेख आहे.

या कामात सगळ्यात जास्त मेहनत वाया जाते ती एकाच ठिकाणी. टाकीत घेतलेली चाचणी एका प्रकारची उष्णता मोजते आणि तळ्यात मासे मरतात ते दुसऱ्याच प्रकारच्या उष्णतेने. म्हणून सुरुवात माशांपासून न करता तळ्यापासून करायची.

पायरी १: तुमच्या तळ्यातली उष्णता ओळखा

एक पूर्ण उन्हाळा नुसती नोंद करा. दोन डेटा लॉगर (आपोआप तापमान नोंदवणारी उपकरणं) घ्या. एक पृष्ठभागाखाली वीतभर, दुसरा तळाजवळ. दर तासाची नोंद ठेवा. पाण्यात विरघळलेला प्राणवायू दुपारी आणि पहाटे, असा दोनदा मोजा. आणि मेलेला प्रत्येक मासा कधी दिसला ती वेळ लिहा. ही शेवटची नोंद बहुतेक ठिकाणी राहून जाते, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची तीच आहे.

त्या वेळेवरूनच निदान होतं. उथळ तळ्यात पाणी सर्वांत गरम असतं ते दुपारी तीन-चारच्या सुमारास. मासे त्याच वेळी उलटत असतील तर ती तीव्र, थोड्या तासांची उष्णता. मासे पहाटे मेलेले सापडत असतील तर त्यांना उष्णतेने थेट मारलेलं नाही. गरम रात्री शेवाळ, गाळातले जीव आणि मासे मिळून प्राणवायू संपवतात आणि सूर्य उगवायच्या आधी तो तळ गाठतो. अशा तळ्यासाठी नुसत्या तापमानावर निवडलेला मासा फारसा उपयोगी पडेलच असं नाही. चाचणीत कमी प्राणवायूचाही समावेश करावा लागेल. मर रोज थोडी थोडी, पंधरवडाभर चालू राहत असेल आणि माशांच्या अंगावर व्रण, डोळे बाहेर आलेले, तोल गेल्यासारखं गोल फिरणं दिसत असेल तर रोग तपासा. तिलापियातला स्ट्रेप्टोकोकस हा जिवाणू गरम पाण्यातच उसळी घेतो, ट्राउटमधला लॅक्टोकोकस गार्व्हीएही तसाच. तिथे रोगप्रतिकारासाठी निवड करणं जास्त फायद्याचं ठरू शकतं. आणि मर काहीच नाही, फक्त दोन महिने वाढ खुंटली असेल, तर तुमचं लक्ष्य ‘गरम पाण्यातली वाढ’ हे आहे.

हा फरक केवळ पुस्तकी नाही. अटलांटिक सॅमनवर कॅनडात झालेला एक अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मिनिटामिनिटाने पाणी तापवून मोजलेली सहनशक्ती आणि दिवसादिवसाने हळूहळू तापवून मोजलेली सहनशक्ती यांची तुलना केली होती. पहिल्या चाचणीवरून दुसरीचा अंदाज बांधता आला नाही. तासाभराच्या परीक्षेत अव्वल आलेला मासा महिनाभराच्या उन्हाळ्यातही अव्वल राहील, असं धरून चालता येत नाही.

पायरी २: आनुवंशिकतेकडून किती अपेक्षा ठेवायची ते आधी मोजा

‘उष्णतेचं जनुक’ असं एकच काही नाही. पेशीतली बिघडू लागलेली प्रथिनं सावरणारी उष्माघात-प्रथिनं, प्राणवायू कमी पडला की जागी होणारी जनुकं, हृदयाची ताकद, कल्ल्यांचं क्षेत्रफळ, रक्तातलं हिमोग्लोबिन, या सगळ्यांचा थोडाथोडा हात असतो. सॅमनच्या वेगवेगळ्या कुटुंबांवरच्या कामात जास्त उष्णता सोसणाऱ्या माशांच्या हृदयाचा जवनिका-भाग (रक्त बाहेर ढकलणारा कप्पा) तुलनेने मोठा आणि त्यातलं मायोग्लोबिन (स्नायूंत प्राणवायू धरून ठेवणारं प्रथिन) जास्त आढळलं होतं. ट्राउटमध्ये १९९० च्या दशकापासून उष्णता-सहनशक्तीशी जोडलेले गुणसूत्रांचे भाग शोधले गेले. पण पुढे जितकी बारीक तपासणी झाली, तितके लहान लहान परिणामाचे जास्त भाग सापडत गेले. म्हणून एखादं जनुक तपासून ‘हा मासा उष्णतेचा’ असं प्रमाणपत्र देणारी चाचणी कुणी देऊ केली तर तिच्यावर निवड उभी करू नका. उष्माघात-प्रथिनांची पातळी मोजून निवड करणंही मला पटत नाही. ती पातळी माशावर ताण किती आला हे सांगते. तो ताण तो किती सोसेल, हे सांगत नाही.

आता हिशेब. एका पिढीत मिळणारा लाभ म्हणजे आनुवंशिकता, निवडीची तीव्रता आणि त्या गुणाचं प्रमाणित विचलन या तिघांचा गुणाकार. आनुवंशिकता म्हणजे माशा-माशांतल्या फरकापैकी पुढच्या पिढीत उतरणारा हिस्सा. तीव्रता म्हणजे निवड किती कडक आहे त्याचं माप, आणि प्रमाणित विचलन म्हणजे मासे सरासरीपासून किती पसरलेले आहेत त्याचं. रेनबो ट्राउटमध्ये तीव्र उष्णतेच्या चाचणीसाठी ती साधारण ०.२ ते ०.४ च्या दरम्यान आढळली आहे. समजा तुमच्याकडे ती ०.२५ आहे, माशांतल्या फरकाचं प्रमाणित विचलन अर्धा अंश आहे आणि तुम्ही वरचे १० टक्के मासे निवडलेत. १० टक्क्यांसाठी तीव्रता १.७५ धरतात. तर लाभ येतो सुमारे ०.२२ अंश. एका पिढीला. सॅमनची पिढी तीन-चार वर्षांची, कार्पची साधारण दोन, तिलापियाची वर्षाच्या आतली.

हा कागदावरचा आकडा. प्रत्यक्षात तो याहून कमी भरण्याची तयारी ठेवा. नॉर्वेतल्या संशोधकांनी जंगलातून आणलेल्या झेब्राफिशवर सहा पिढ्या निवड केली, एकूण सुमारे २०,००० मासे तपासले, आणि २०२० मध्ये निष्कर्ष मांडले. वरच्या दिशेने निवडलेल्या ओळीत सहनशक्ती पिढीमागे जेमतेम ०.०४ अंशाने वाढली. खालच्या दिशेने निवडलेली ओळ मात्र पिढीमागे ०.११ अंशाने घसरली. खाली उतरणं सोपं, वर चढणं अवघड. गरम पाण्याला सरावून जो जादा फायदा मिळतो, तोही वरच्या ओळीत कमी होत गेला.

मग हे करावं का? माझं उत्तर ‘हो’ आहे. जपानमधल्या मियाझाकी प्रांतात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पेंबर्टनला रेनबो ट्राउटचे वाण अनेक दशकं गरम पाण्यात वाढले आणि तगलेल्यांतूनच पुढची पिढी घेतली गेली. दोन्ही वाण आज या प्रजातीतल्या उष्णता सोसणाऱ्या वाणांमध्ये गणले जातात. फक्त हे काम दशकांचं आहे. येत्या उन्हाळ्यातल्या मरीवर हा उपाय नाही, त्यासाठी एरेटरच लागेल.

पायरी ३: पायाभूत साठा रुंद ठेवा

उष्णतेच्या लाटेनंतर वाचलेले मासे गोळा करून त्यांनाच ब्रूडर (पैदाशीचे मासे) करायचं, ही कल्पना सगळ्यांना सुचते. त्यात तथ्य आहे, पण एक सापळाही आहे. वाचलेले दोनशे मासे दोन-तीन माद्यांचीच पिल्लं असू शकतात. तळ्याच्या कोपऱ्यात झऱ्याचं गार पाणी येत असेल तर तिथे थांबलेले मासे नुसते जागेच्या जोरावर वाचलेले असतात. अशा माशांना साठ्यात जरूर घ्या. पण माशाच्या पराचा (पोहण्याच्या पंखाचा) तुकडा देऊन डीएनएवरून नाती तपासा आणि त्यांच्या जोडीला दुसऱ्या ठिकाणचे मासे आणा.

तिलापियाच्या ‘गिफ्ट’ वाणाचं उदाहरण इथे मार्गदर्शक आहे. १९८८ मध्ये सुरू झालेल्या त्या कामात आठ साठे एकत्र केले गेले. इजिप्त, घाना, केनिया आणि सेनेगल इथले चार जंगली आणि आशियातल्या शेतीत रुळलेले चार. आधी सगळ्यांची वेगवेगळ्या परिस्थितीत तुलना झाली, मग संकर, मग निवड. वाढीत पुढे जो सातत्याने लाभ मिळत राहिला त्यामागे हा रुंद पाया होता. उष्णतेसाठीही हेच. तीन ते सहा वेगवेगळ्या उगमांचे मासे घ्या. त्यांतले एक-दोन तरी मुळात गरम पाण्याच्या भागातले असू द्या. आणल्यावर विलगीकरणात ठेवा, रोगाची तपासणी करा, मगच एकमेकांत मिसळा.

किती मासे पुरेसे, याचा हिशेब जोड्यांच्या संख्येपेक्षा नर-मादीच्या प्रमाणावर जास्त अवलंबून असतो. प्रभावी संख्या (सगोत्रतेच्या दृष्टीने तुमचा साठा खरोखर किती माशांएवढा आहे) काढायची तर नर आणि माद्यांच्या संख्येच्या गुणाकाराची चौपट करा आणि तिला दोघांच्या बेरजेने भागा. १० नर आणि १०० माद्या असतील तर ११० मासे पाळूनही प्रभावी संख्या भरते ३६. त्यामुळे दर पिढीला सगोत्रता (जवळच्या नात्यातलं प्रजनन) सुमारे १.४ टक्क्यांनी वाढते. ५० नर आणि ५० माद्या घेतल्या तर प्रभावी संख्या १०० आणि वाढ अर्ध्या टक्क्यावर. मासे कमी, साठा निरोगी. एका नराच्या मिल्टमध्ये (वीर्यात) दहा माद्यांची अंडी फळतात म्हणून नर कमी ठेवायची सवय असते. या कामापुरती ती सोडा.

पायरी ४: कुटुंबं तयार करा आणि ओळख जपा

प्रत्येक नराला दोन माद्या द्या, शक्य असेल तिथे प्रत्येक मादीलाही दोन नर. त्यामुळे सख्खी आणि सावत्र अशी दोन्ही भावंडं मिळतात, आणि आनुवंशिकता मोजताना ‘आईच्या अंड्याचा दर्जा चांगला होता’ आणि ‘जनुकं चांगली होती’ हे दोन परिणाम वेगळे करता येतात. सगळी कुटुंबं आठवड्याच्या आत तयार व्हायला हवीत. महिनाभर लांबली तर वयाचा फरकच सहनशक्तीचा फरक म्हणून नोंदला जाईल.

इथून दोन वाटा फुटतात. पहिलीत प्रत्येक कुटुंब स्वतंत्र हापा (तळ्यात लावलेला जाळीचा पिंजरा) किंवा टाकीत वाढवायचं आणि मासे पाच-दहा ग्रॅमचे झाले की पोटात पीआयटी टॅग (ओळख-क्रमांकाची बारीक चिप) घालून एकत्र सोडायचं. दुसरीत जिरे अवस्थेतच (अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्लं असताना) समसंख्येने सगळं मिसळायचं आणि नंतर पराचा नखाएवढा तुकडा ९५ टक्के इथेनॉलमध्ये ठेवून डीएनएवरून आई-बाप शोधायचे. त्यासाठी शंभर-दोनशे निवडक एसएनपी खुणा (डीएनएतले एकेका अक्षराचे फरक) सहसा पुरतात. खर्च झेपत असेल तर मी दुसरी वाट निवडायला सांगेन. पहिलीत प्रत्येक कुटुंबाला त्याच्या टाकीची छाप बसते: एक टाकी खिडकीजवळ, एकीचा एरेटर जरा मंद. ही छाप पुढे कितीही गणित केलं तरी पूर्ण पुसली जात नाही.

तिलापियासारख्या माशांत एक धोका खास लक्षात ठेवा. पोहायला लागल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत, लिंग ठरत असताना, पाणी ३५-३६ अंशांवर गेलं तर जनुकांनी मादी असलेली पिल्लंही नर म्हणून वाढू शकतात. ही संवेदनशीलता कुटुंबागणिक वेगवेगळी असते आणि वारशानेही उतरते. म्हणजे लवकर उष्णता दिलीत तर पुढच्या पिढीसाठी माद्याच उरणार नाहीत, आणि ज्या कुटुंबांत हा बदल जास्त होतो त्यांचं गणित गुपचूप बिघडेल. लिंग पक्कं झाल्याशिवाय गरम चाचणी नको.

पायरी ५: चाचणी

इथे घाई केली तर बाकी सगळं व्यर्थ.

आधी सराव. सगळे मासे किमान दोन आठवडे एकाच स्थिर तापमानाला ठेवा. पाणी एक अंशाने गरम असेल तर माशाची वरची मर्यादा प्रजातीनुसार पाव ते अर्ध्या अंशाने सरकते. दोन टाक्यांत दोन अंशांचा फरक राहिला तर तुमच्या चार पिढ्यांच्या निवडीएवढा फरक नुसत्या सरावातून दिसेल. चाचणीआधी २४ तास खाद्य बंद. पचन चालू असलेला मासा जास्त प्राणवायू वापरतो.

तापमापक बाजारातून आणला तसा वापरू नका. जिथे पिढीमागे दशांश-दोन दशांश अंशांसाठी झगडा आहे, तिथे अर्ध्या अंशाने चुकणारा तापमापक सगळं गिळून टाकतो. प्रमाणित तापमापकाशी ताडून पाहा, दर चाचणीच्या दिवशी पुन्हा ताडा, आणि टाकीच्या चारही कोपऱ्यांत तापमान सारखं आहे ना ते पंप लावून खात्री करा.

तीव्र चाचणी अशी. दहा-वीस मासे, ढवळतं पाणी, भरपूर एरेटर. तापमान मिनिटाला ०.३ अंशाने वाढवत न्यायचं. हा वेग १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून प्रचलित आहे. या वेगाने पेशींना नवीन तापमानाला सरावायला वेळ मिळत नाही, आणि माशाचं शरीर पाण्यामागे फार रेंगाळतही नाही. २८ अंशांवरून सुरू केलं तर ४० गाठायला ४० मिनिटं लागतात. पहिली पंधरा-वीस मिनिटं काही घडत नाही. मग कल्ल्यांची झाकणं भराभर उघडमीट करू लागतात. मासे पृष्ठभागाकडे येतात, तोंड पाण्याच्या कडेला लावतात. मग अचानक वेड लागल्यासारखी धाव, काचेवर आपटणं. आणि त्यानंतर एकेक मासा कलतो. तो सावरतो, पुन्हा कलतो, पुन्हा सावरतो. मग एकदा कुशीवर पडतो आणि काही सेकंद सरळ होत नाही. हा क्षण म्हणजे त्याची मर्यादा. ‘सरळ न होणं’ किती सेकंदांचं धरायचं ते आधीच ठरवा, लिहून ठेवा आणि सगळ्या चाचण्यांना तेच लावा. निरीक्षक एकच असू द्या. त्याला कुटुंबाची ओळख माहीत नसावी.

कललेला मासा लगेच जाळीने उचला, तापमान दशांशापर्यंत नोंदवा, टॅग वाचा, वजन घ्या आणि मूळ तापमानाच्या, एरेटर लावलेल्या टाकीत सोडा. नीट केलेल्या चाचणीत जवळजवळ सगळे मासे सावरतात. दुसऱ्या दिवशीची मर वाढली तर तुम्ही उशिरा उचलता आहात. चाचणी जीवघेणी नसल्यामुळे तोच मासा ब्रूडर म्हणून वापरता येतो, हा या पद्धतीचा मोठा फायदा.

मंद चाचणी वेगळी. पाणी दिवसाला एखाद्या अंशाने, सॅमनसारख्या थंड पाण्याच्या माशांत त्याहूनही हळू, वाढवायचं आणि मासे कधी खाणं सोडतात, वाढ कधी थांबते, मर कधी सुरू होते ते पाहायचं. हिला आठवडे लागतात, टाक्या अडकतात, पाण्याचा दर्जा सांभाळावा लागतो. तरी तुमची पहिल्या पायरीतली नोंद लांबलेल्या उन्हाळ्याकडे बोट दाखवत असेल तर हीच चाचणी घ्या. यात मासे मरणार असतील तर ब्रूडरची भावंडं चाचणीत घाला, स्वतः ब्रूडर नकोत. निम्मे मासे मेले की थांबा. मेले-वाचले या प्रकारच्या नोंदीतून सर्वाधिक माहिती निम्म्याच्या आसपास मिळते. त्यापुढे माशांचे विनाकारण हाल होतात. प्राण्यांवरच्या प्रयोगांची जी परवानगी लागते ती आधी घ्या.

पहाटे मरणाऱ्या तळ्यासाठी तिसरा प्रकार: पाणी उन्हाळी तापमानाला स्थिर ठेवायचं आणि नायट्रोजन सोडून प्राणवायू हळूहळू कमी करायचा. तोल जाण्याची खूण तीच, फक्त नोंद तापमानाऐवजी प्राणवायूची.

प्रत्येक फेरीत सगळ्या कुटुंबांचे थोडे थोडे मासे हवेत. सोमवारी पहिली दहा कुटुंबं आणि मंगळवारी पुढची दहा असं केलंत तर सोमवार-मंगळवारचा फरक कुटुंबांच्या नावावर जमा होईल.

पायरी ६: आकड्यांतून प्रजनन-मूल्य काढा

माशाचा स्वतःचा आकडा पाहून थेट निवड करू नका. त्यात फेरीचा, टाकीचा, वजनाचा वाटा मिसळलेला असतो. मोठ्या माशाची उष्णतेत, विशेषतः लांबलेल्या उष्णतेत, लवकर दमछाक होते. वजन हिशेबात धरलं नाही तर तुम्ही नकळत लहान मासे निवडाल आणि दोन पिढ्यांनी शेतकरी विचारेल, वाढ कुठे गेली?

वंशावळ आणि सगळे घटक एकत्र घेऊन ‘ब्लप’ या सांख्यिकी पद्धतीने प्रत्येक माशाचं प्रजनन-मूल्य (पिल्लांना तो गुण किती देऊ शकेल त्याचा अंदाज) काढतात. त्यासाठी ब्लपएफ९० किंवा वॉमबॅटसारख्या संगणक-प्रणाली आहेत. कुणा पशुप्रजनन शास्त्रज्ञाला या कामात सुरुवातीपासून सोबत घ्या, चाचण्या झाल्यावर नको. चुकीच्या आराखड्यातून बरोबर उत्तर कुणालाच काढता येत नाही. एसएनपी चिप परवडत असेल तर जीनोमिक निवडीने (डीएनएभरच्या हजारो खुणा पाहून केलेल्या निवडीने) एकाच कुटुंबातल्या भावंडांमधलाही फरक दिसतो. ज्या माशांची चाचणी भावंडांवर घ्यावी लागते तिथे हा फायदा फार मोठा.

काहीच सोय नसेल तर प्रत्येक कुटुंबातून त्या कुटुंबातले सर्वोत्तम मासे घ्या. लाभ कमी मिळतो, पण कुटुंब नष्ट होत नाही.

याच टप्प्यावर उष्णता-सहनशक्तीचं वाढीशी, रोगप्रतिकाराशी आनुवंशिक नातं तपासा. ट्राउटमधल्या कामात तीव्र उष्णतेची सहनशक्ती आणि उत्पादनाचे गुण यांत फार ओढाताण दिसलेली नाही. ही चांगली बातमी आहे, पण ती तुमच्या प्रजातीला आपोआप लागू होत नाही. मग सगळ्यांना वजन देऊन एक निर्देशांक बनवा. एकट्या उष्णतेवर निवड करणारं केंद्र शेवटी असा मासा तयार करतं जो तगतो, पण विकायला परवडत नाही.

पायरी ७: जोड्या लावा आणि नियंत्रण-ओळ सांभाळा

एका कुटुंबातून चार-पाचपेक्षा जास्त मासे घेऊ नका, ते कितीही चांगले असोत. सख्ख्या आणि सावत्र भावंडांच्या जोड्या टाळा. वंशावळ दर पिढीला दोन ठिकाणी लिहून ठेवा. निवडलेल्या काही नरांचा मिल्ट द्रव नायट्रोजनमध्ये साठवता आला तर उत्तमच.

आणि नियंत्रण-ओळ. पहिल्या पिढीतले काही मासे कुठलीही निवड न करता, सरासरी प्रजनन-मूल्याचे, तसेच पुढे वाढवत न्यायचे. ज्या टाक्यांतून काही विकायचं नाही त्या कशाला अडवायच्या, असं वाटून ही ओळ पहिल्याच अडचणीत बंद पडते. पण ती नसेल तर पाचव्या पिढीतली सुधारणा निवडीने आली की त्या वर्षीच्या बऱ्या उन्हाळ्याने, हे कधीच कळणार नाही. दर पिढीला दोन्ही ओळींची एकत्र, एकाच टाकीत चाचणी घ्या. फरक दिसला तर लाभ खरा.

पायरी ८: अंडी आणि ब्रूडर विसरू नका

निवड साधारणपणे बोटुकलीवर (बोटाएवढ्या पिल्लांवर) होते, कारण ती हाताळायला सोपी. पण उष्णतेला सर्वांत हळवे टप्पे दुसरेच आहेत. २०२० मध्ये ६९४ प्रजातींची माहिती एकत्र करून झालेल्या अभ्यासात अंड्यातले भ्रूण आणि विणीवर आलेले मासे यांची तापमान-मर्यादा बाकीच्या अवस्थांपेक्षा बरीच अरुंद आढळली. टास्मानियात सॅमनच्या माद्या विणीच्या आधी २२ अंशांना ठेवल्यावर १४ अंशांच्या तुलनेत अंडी सुटण्यात अडथळा आला आणि त्यांचा दर्जा घसरला. बोटुकलीत मिळवलेला लाभ अंड्यांपर्यंत पोचतोच, असं गृहीत धरू नका. प्रत्येक कुटुंबाची अंडी फळण्याची आणि जिरे तगण्याची टक्केवारी नोंदवत राहा. आणि विणीच्या हंगामात ब्रूडरसाठी गार, खोल पाणी राखून ठेवा. सहनशील वाणाच्या ब्रूडरलाही ते लागतं.

वंध्य मासे हवेत म्हणून त्रिगुणित (गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असलेलं) बीज तयार करणार असाल तर त्याची स्वतंत्र चाचणी घ्या. गरम, कमी प्राणवायूच्या पाण्यात त्रिगुणित मासे सहसा द्विगुणितांच्या मागे पडतात. द्विगुणित आई-बापांचा आकडा त्यांना चिकटवता येत नाही.

पायरी ९: बीज देण्याआधी खऱ्या तळ्यात उतरवा

तिसऱ्या पिढीच्या आसपास निवडलेल्या ओळीचे आणि नियंत्रण-ओळीचे मासे, टॅग लावून, एकाच तळ्यात समसंख्येने सोडा. तीन-चार वेगळ्या तळ्यांत: एक उथळ, एक खोल, एक दाट साठ्याचं. एक पूर्ण उन्हाळा जाऊ द्या. जगणूक, वजन आणि खाद्य-रूपांतर (किती खाद्यात किती वाढ) तिन्ही पाहा. कुटुंबांचा क्रम तळ्यागणिक बदलत असेल, म्हणजे दोन ठिकाणच्या कामगिरीतला आनुवंशिक सहसंबंध ०.८ च्या बराच खाली गेला, तर एकच वाण सगळीकडे चालणार नाही. उथळ तळ्यांसाठी वेगळी निवड करावी लागेल.

टाकीतला क्रम आणि तळ्यातला क्रम जुळला नाही तर तळ्यावर विश्वास ठेवा, आणि पायरी ५ मधली चाचणी बदला. हे मान्य करणं जड जातं, कारण तोवर दोन-तीन पिढ्या गेलेल्या असतात. पण न जुळणाऱ्या चाचणीवर चौथी पिढी घेणं त्याहून महाग पडतं.

बीज वाटताना शेतकऱ्याला लेखी सांगा की हा वाण नियंत्रण-ओळीच्या तुलनेत कोणत्या चाचणीत किती अंश किंवा किती टक्के पुढे आहे, आणि ती चाचणी तीव्र होती, मंद होती की कमी प्राणवायूची. ‘उष्णतारोधक’ हा शब्द पिशवीवर छापू नका. तो वाचून कुणी एरेटर बंद ठेवला, साठ्याची दाटी वाढवली, तर अर्ध्या अंशाचा लाभ एका रात्रीत संपतो. जिथे त्याच प्रजातीचे जंगली मासे जवळच्या नदीत आहेत तिथे बीज देण्याआधी पाणी बाहेर जाण्याच्या वाटांना जाळ्या आहेत का ते स्वतः जाऊन पाहा. निवडलेले मासे बाहेर सुटून जंगली माशांत मिसळले तर ज्या रुंद पायावर तुमचा वाण उभा आहे तोच अरुंद होतो. शेतकऱ्याकडून दर उन्हाळ्यानंतर तीनच गोष्टी मागवा: किती सोडले, किती निघाले, आणि मर झाली असेल तर दिवसाच्या कोणत्या वेळी. पुढच्या पिढीची चाचणी ठरवताना ही नोंद हाताशी लागेल.